इंग्लंडमधल्या स्विंडनला नोकरीसाठी येतोय. तिथल्या 'रॉबिन्स' मोटारसायकल स्पीडवे संघाचा इतिहास काय आहे, आणि आता शर्यत बघायला मिळेल का?

नाही मिळणार. स्विंडनजवळच्या ब्लन्सडनच्या ट्रॅकवर रॉबिन्सचा शेवटचा मोसम 2019 चा, आणि त्या मोसमात ते लीग जिंकले होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुण्यातला माझा मेव्हणा दर दिवाळीला मला ऐकवतो, "लोकच येत नसणार, म्हणून बंद पडलं. गोल गोल फिरण्यात बघायचं काय?"

तर इतिहास. संघ निघाला 1949 मध्ये, तोही मोसम अर्धा झाल्यावर. हल शहराच्या संघाने मधेच अंग काढून घेतलं आणि त्यांचे उरलेले सामने स्विंडनने घेतले. देशातली सर्वोच्च लीग पहिल्यांदा जिंकली 1957 ला, मग 1967 ला. त्या काळात न्यूझीलंडचा बॅरी ब्रिग्ज इथे होता, चार वेळचा जगज्जेता. त्यातली 1964 आणि 1966 ची विजेतेपदं त्याने रॉबिन्सकडून खेळत असताना मिळवली. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांचा दुष्काळ. ली अॅडम्ससारखा ऑस्ट्रेलियन इतके मोसम इथे घाम गाळून गेला, 2010 ला निवृत्त झाला, आणि लीग आली 2012 ला! पुढे 2017, 2019. (गूगलवर शोधताना सांभाळा, इथल्या फुटबॉल क्लबलाही रॉबिन्सच म्हणतात.)

मी मूळचा पेडण्याचा. स्विंडनमध्ये गोंयकार किती आहेत हे तुम्हाला आल्यावर कळेलच. माझे बाबा म्हापशात तीस वर्षं पायलट होते. विमानाचे नव्हे, मोटारसायकलचे. पिवळं मडगार्ड, मागे एक पॅसेंजर, मांडीवर त्याची बाजाराची पिशवी. 2012 च्या उन्हाळ्यात ते इथे आले तेव्हा एका गुरुवारी संध्याकाळी त्यांना ब्लन्सडनला घेऊन गेलो. मनात धाकधूक होती. या गाडीला ब्रेकच नसतो, गियर एकच, पोटात मिथेनॉल. जन्मभर ब्रेकवर पाय ठेवून पोट भरलेला माणूस हे बघून काय म्हणेल?

फीत वर उडाली, चौघे सुटले. पहिल्या वळणावर मागची चाकं बाहेर फेकली गेली आणि लाल खडीचा फवारा थेट कठड्यापर्यंत आला. बाबांच्या चहात पडला. त्यांनी बोटाने खडे काढले आणि चहा प्यायला. नजर मात्र स्वारांच्या डाव्या पायावर. बुटाखाली पोलादी पत्रा असतो, तो जमिनीवर घासत वळण घेतात. चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. बाबा म्हणाले, "ब्रेक ना तेंच बरें. फुडलो अचकीत थांबचो ना."

मला हे समजायला दोन मोसम लागले होते.

नंतर त्यांनी माझ्या हातातला कार्यक्रमाचा कागद घेतला. प्रत्येक शर्यतीनंतर लोक त्यावर गुण लिहितात, पहिल्याला तीन, मग दोन, एक, शून्य. अशा पंधरा शर्यती. बाबा पंधराही शर्यती पिवळ्या हेल्मेटवाल्याच्या नावाने ओरडत होते. पिवळं म्हणजे आपला धंदेवाला, असा हिशोब. पिवळं आणि पांढरं हेल्मेट पाहुण्या संघाचं असतं, आपलं लाल आणि निळं, हे मी तीनदा सांगून पाहिलं. शेजारची इंग्रज आजी वळून वळून बघत होती. शेवटी तिनेच त्यांना आपली पेन्सिल दिली, बाबांच्या पेनाची शाई रिमझिमीत पसरत होती म्हणून.

आता मेव्हण्याला उत्तर. ट्रॅक गेला तो जागेपायी. स्टेडियमचं नूतनीकरण होणार असं वर्षानुवर्षं ऐकत होतो. आजूबाजूला घरं उठली. 2020 चा मोसम कोविडने खाल्ला, आणि डिसेंबर 2022 मध्ये जाहीर झालं की स्पीडवे आता तिथे परतणार नाही. कुत्र्यांच्या शर्यती मात्र त्यानंतरही चालू राहिल्या. म्हणजे गोल फिरण्याचं वावडं कुणालाच नव्हतं.

हां, खरं बोलायचं तर स्टँड काही दर गुरुवारी ओसंडून वाहत नसे. आम्ही गोंयकार बहुतेक फुटबॉलवाले. मी स्वतः मोसमात सहा-सातदा गेलो तर खूप, बाकी रात्रपाळी. तेव्हा मेव्हण्याचं रुपयात चार आणे खरं धरा. त्याला सांगू नका.

शर्यत बघायचीच असेल तर ऑक्सफर्डला शर्यती चालू आहेत का, ते आधी विचारा. तिथला ट्रॅक 2007 पासून बंद होता, 2022 ला पुन्हा सुरू झाला. म्हणजे मेलेला ट्रॅक उठू शकतो, हे मेव्हण्याला सांगितलंत तरी चालेल. पहिल्या वळणावर उभे राहणार असाल तर चहावर झाकण घ्या. आणि पेन्सिल न्या.