बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं

प्रश्न: डॉक्टर, मागच्या रविवारी आम्ही सगळे माथेरानला गेलो होतो. माझ्या हातात खाऊची पिशवी होती, मागून माकड आलं आणि त्याने ती ओढली, मी पण सोडेना, तर त्याने मनगटावर चांगलंच ओरबाडलं, थोडं रक्तही आलं. सासूबाईंनी हळद दाबली. मिस्टर म्हणतात रेबीज कुत्र्याचा असतो, माकडाचा काय संबंध. आणि खरं सांगू का, लहानपणापासून ऐकलंय की बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतात, त्या धास्तीनेच मी अजून गेलेली नाही. आता उशीर झाला का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, उशीर झालेला नाही आणि आजच जा, हे तुम्हाला मेलवर लगेच कळवलंच होतं, आता बाकीच्या वाचकांसाठी सविस्तर लिहितो कारण ही चौदा इंजेक्शनं घराघरात आहेत.

ती अफवा नव्हती बरं का. 1911 च्या सुमारास डेव्हिड सेंपल नावाच्या डॉक्टरांनी कसौलीला मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली आणि आपल्याकडे जवळजवळ शतकभर सरकारी दवाखान्यात तीच मिळायची. डोस मोठा, रोज एक, असं चौदा दिवसांपर्यंत चालायचं, आणि एवढं औषध कातडीखाली मावायला पोटावर जागा भरपूर म्हणून पोट. वर त्यातल्या मेंदूच्या अंशामुळे क्वचित कुणाला लकवाही व्हायचा, म्हणजे आपल्या आज्या घाबरायच्या त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पण ती लस भारतात 2004-05 च्या सुमारास बंद झाली! आपली भीती मात्र अजून तिथेच अडकलीये.

आताची लस दंडात देतात, लहान मुलांना मांडीत. स्नायूत घेतली तर 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी (चौदा आकडा उरलाय तो एवढाच), आणि सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी कातडीत देतात, दोन्ही दंडांवर थोडी थोडी, 0, 3, 7 आणि 28 ला. तिथे पैसेही लागत नाहीत.

आता माकडाचं. रेबीज कुठल्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो, माकड, मुंगूस, कोल्हा, मांजर, सगळे आले. जंगली प्राण्याने चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर ती जखम आपल्याकडे सगळ्यात वरच्या, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत धरतात, त्यामुळे लसीबरोबर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन भरावं लागतं. लसीचा परिणाम दिसायला वेळ लागतो ना, तोवर या इम्युनोग्लोब्युलिनमधल्या तयार अँटिबॉडीज, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, तिथल्या तिथे विषाणूला अडवतात. हे इंजेक्शन दुखतं, खोटं कशाला सांगू. पहिल्या लसीबरोबरच घ्यायचं, राहिलंच तर त्यापासून सात दिवसांच्या आत. आणि "दहा दिवस प्राण्यावर लक्ष ठेवा" हा सल्ला फक्त कुत्रा-मांजराला लागू, माथेरानचं माकड कोण शोधत बसणार?

हळद, तिखट, चुना काही लावू नका. ओरबाडलं की लगेच साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, कारण आपल्याला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. हे धुणं अर्धं काम करतं. आणि हो, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या.

प्रश्न: आमच्या मुलाला गेल्या वर्षी कुत्रा चावला तेव्हा पूर्ण कोर्स झाला होता. आता अंगणात मुंगसाने बोट चावलंय. पुन्हा सगळं करायचं? आणि पथ्य काय, शेजारी म्हणतात मटण-वांगं बंद करा.
— एक वाचक, कुडाळ

उत्तर: पुन्हा सगळं नाही. पूर्ण कोर्स झालेला असेल तर दोनच डोस, 0 आणि 3 व्या दिवशी, आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. जुना कागद सोबत न्या, तो नसला तर डॉक्टर नव्याने पूर्ण कोर्स सुरू करतील आणि ते बरोबरच आहे. धुणं मात्र तसंच, पंधरा मिनिटं. पथ्य काहीही नाही, मटण खुशाल खाऊ द्या, वांगं त्याला आवडत नसेल तर तो वेगळा विषय.