दहा दिवस की वर्षभराचे दहा शनिवार?

तुमच्या ख्रिस्ती मंडळीचा तरुण संघ येत्या मे महिन्यात दहा दिवसांसाठी नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यातील एका पाड्यावर मुलांच्या सेवेसाठी जाणार आहे, सोबत परदेशातून आलेले दोन पाहुणेही असतील आणि तुम्ही अशा कार्यात प्रथमच सहभागी होत आहात. सोबत काय न्यावे, मुलांना काय शिकवावे आणि प्रभूविषयी त्यांच्याशी कसे बोलावे, हे तुम्ही विचारले आहे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे आणि गेली चौदा वर्षे आमच्या मंडळीच्या गटाबरोबर पेठ व सुरगाणा तालुक्यांत जात आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देईन, परंतु त्याआधी दहा दिवस सलग जाण्याचा बेतच पुन्हा तपासावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिले कारण पाण्याचे आहे. पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो, पण खडकाळ डोंगरउतारावरून तो पश्चिमेकडे गुजरातच्या दिशेने वाहून जातो आणि एप्रिल-मे उजाडला की विहिरींचे तळ दिसू लागतात. ज्या पाड्यावर बायका पहाटे उठून दोन हंड्यांसाठी विहिरीवर बसतात, तिथे आपण पंधरा शहरी माणसे दहा दिवस मुक्कामाला गेलो, तर आपल्या आंघोळीचे, स्वयंपाकाचे आणि हात धुण्याचे पाणी कोणाच्या तरी डोक्यावरून येते. आमच्या पहिल्या मुक्कामात हे आम्हाला चौथ्या दिवशी कळले, तेही आम्ही विचारले म्हणून नव्हे. एक मुलगी दुपारच्या गीतांना येत नव्हती. ती का येत नाही म्हणून पाहायला गेलो, तेव्हा ती आमच्यासाठीच आईबरोबर पाण्याला गेली होती. त्या लोकांनी तक्रारीचा एक शब्दही काढला नव्हता. पाहुण्याला पाणी नाही म्हणणे त्यांच्या रीतीत बसत नाही, म्हणूनच ते आपण ओळखायला हवे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ‘मिशन ट्रिप’ ही कल्पना समुद्रापलीकडून येणाऱ्या माणसांच्या सोयीतून घडलेली आहे. ज्यांना वर्षातून एकदाच येणे शक्य आहे, त्यांनी दहा दिवस सलग यावे, हे समजण्यासारखे आहे. तुम्ही मात्र नाशिकरोडला राहता. सावळघाट चढून पेठला पोहोचायला तुम्हाला दोन तासांच्या आसपास लागतात. शेजारच्या तालुक्यातील मुलांकडे आपण परदेशातून आल्यासारखे एकदाच जावे आणि वर्षभर परत फिरकू नये, हे मला पटत नाही. तेच दहा दिवस दहा शनिवारांत वाटा. जिल्हा परिषदेची शाळा शनिवारी सकाळची असते. दुपारपासून संध्याकाळपर्यंत मुले मोकळी असतात आणि तुम्ही रात्री घरी येऊन झोपू शकता. खर्च कमी होतो, पाण्याचा भार पडत नाही आणि मुलाला तुमचे नाव लक्षात राहते.

सलग शिबिरानंतर मुलांचे काय होते, हे निघून जाणाऱ्याला कधीच दिसत नाही. आमच्या पहिल्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी सहा-सात वर्षांचा एक मुलगा आमच्या एका तरुणीच्या ओढणीचे टोक धरून बसला होता, आणि तिने त्याला सहज सांगितले, ‘मी परत येईन हं.’ ती पुढच्या वर्षी लग्न होऊन पुण्याला गेली. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्या मुलाने सगळ्या गाडीत तिला शोधले, नंतर तो दिवसभर आमच्याजवळ आला नाही. तेव्हापासून आमच्या गटात एक नियम आहे. पुढच्या भेटीची तारीख ठरलेली असेल तरच ‘परत येईन’ म्हणायचे, नाहीतर तो शब्द तोंडातून काढायचा नाही.

आपल्या नाशिकलाच याचा जुना दाखला आहे. आज शरणपूर रोड म्हणून आपण जो रस्ता ओळखतो, तो ज्या शरणपूरकडे जातो, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वस्ती उभारली होती. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलामुलींना तिथे आश्रय मिळाला, त्यांना लिहिणेवाचणे शिकवले गेले आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातचे कामही दिले गेले. त्यांतील काही तरुण पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवाशाच्या आफ्रिकेतील तांड्यात सामील झाले. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाल्यावर ज्यांनी त्याचा देह महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला, त्यांत हे नाशिकचे विद्यार्थीही होते, आणि त्यांच्यापैकी जेकब वेनराइट १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीला हजर होता. त्या काळच्या मिशन कार्यातील प्रत्येक गोष्टीचे मी समर्थन करणार नाही. तरीही ज्या मुलांच्या हाती तिथे काही लागले, ते वर्षानुवर्षे रोज शिकवणाऱ्या माणसांमुळे लागले, हे मी शरणपूरच्या रस्त्याने जाताना अनेकदा आठवते.

आता काय न्यावे, याविषयी. कपड्यांचे गाठोडे नेऊ नका. आम्ही पहिल्या वर्षी शहरातून गोळा केलेले कपडे स्वतःच्या हाताने वाटले. चांगला फ्रॉक कोणाला आणि विटलेला कोणाला, यावरून दोन घरांत जे बोलणे झाले, ते निस्तरायला पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेला पुढे महिनाभर लागला. गोळ्या-चॉकलेटेही नकोत. जे द्यायचे असेल ते शाळेला किंवा अंगणवाडीला द्या, सगळ्यांचे मिळून असू द्या, आणि ते मुलांच्या हाती तिथल्या गुरुजींच्या किंवा ताईंच्या हातून पडू द्या, म्हणजे आपण गेल्यावरही मुले देणारा म्हणून बघतील ते तिथे राहणाऱ्या माणसाकडे. औषधे तर मुळीच नेऊ नका. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण समजतात आणि त्याला बिस्किटाचा पुडा हे उत्तर नाही. असे मूल दिसले तर त्याच दिवशी सेविकेला किंवा आशाताईंना सांगणे एवढेच आपले काम आहे, पण ते चुकवायचे नाही.

छायाचित्रांविषयी मी थोडे सविस्तर लिहिते, कारण ही चूक आमच्या हातून झाली आहे. एका मुलीचा मी काढलेला फोटो आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेने देणगीच्या पत्रकात छापला आणि खाली लिहिले, ‘अनाथ बालिका’. तिचे आईवडील धडधाकट होते. ते द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी तालुक्यात मळ्यावर कामाला गेले होते आणि मुलगी आजीजवळ होती. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत या पाड्यांवर निम्मी घरे अशीच असतात. आईवडील दिसत नाहीत म्हणजे मूल पोरके नव्हे. पत्रक पुढे तिच्या वडिलांच्या हाती पडले. ते मला एवढेच म्हणाले, ‘बाई, आम्ही जिवंत आहोत.’ मी त्यांची क्षमा मागितली, पण छापलेला कागद परत घेता येत नाही. तेव्हापासून आम्ही मुलांचे चेहरे दिसतील असा फोटो काढतच नाही, आणि तुमच्या गटानेही फोन पिशवीत ठेवावेत असे मी सुचवीन.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम निघण्यापूर्वी लिहून काढा आणि प्रत्येकाची सही घ्या. कोणीही मोठे माणूस मुलाबरोबर एकटे राहणार नाही, नेहमी दोघे असतील. मुलांना मुक्कामाच्या खोलीत बोलवायचे नाही, गाडीतून फिरवायचे नाही, खाजगी नंबर द्यायचे-घ्यायचे नाहीत. आपल्या मंडळीतला माणूस आहे म्हणून यातून कोणालाही सूट नको, पाळकांनाही नको. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोक्सो कायद्यानुसार, म्हणजे २०१२ च्या कायद्यानुसार, पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि संकटातील कोणत्याही मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे. लहानांपैकी एकाला जो अडखळण होतो, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावे हे बरे, असे जे प्रभूने म्हटले, ते प्रत्येक वेळी निघण्याआधीच्या प्रार्थनेत आम्ही वाचतो.

परदेशी पाहुण्यांचे काम थोडक्यात सांगते. पर्यटक व्हिसावर एक महिन्यापर्यंत विनामोबदला स्वयंसेवा करता येते, परंतु मिशनरी कामासाठी वेगळा मिशनरी व्हिसा लागतो. त्यांचे पूर्वज भारतीय असून त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असेल, तरीही मिशनरी कामासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. याची खात्री पाळकांनी आधीच करून घ्यावी, पाड्यावर पोहोचल्यावर नव्हे.

प्रभूविषयी कसे बोलावे, हा तुमचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि तुम्ही तो प्रामाणिकपणे विचारलात, याचा मला आनंद वाटला. राज्यघटनेचे पंचविसावे कलम आपल्याला धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. परंतु दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि अठ्ठाविसाव्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणून शाळेच्या आवारात गोष्टी, खेळ, गणित आणि वाचन, एवढेच. पण कायद्याच्या आधी मला माझी श्रद्धाच हे सांगते. भुकेल्या मुलापुढे खाऊ ठेवून मग गीत म्हणायला लावले, तर ते गीत खाऊचे होते, प्रभूचे नाही. या पाड्यांवर ख्रिस्ती घरे आहेत, तशीच मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव मनोभावे करणारी कोकणा आदिवासी घरेही आहेत, आणि दोन्हींकडची मुले एकाच पटांगणात खेळतात. आपण निघून गेल्यावर त्यांच्यात आपल्यामुळे फट पडलेली असू नये. एखाद्या मुलाने विचारले, ‘तुमचा देव कोणता?’ तर सरळ सांगा, लपवू नका, आणि त्याने पुढे विचारले नाही तर तिथेच थांबा. ख्रिस्ती घरांत उपासनेला बोलावले तर अवश्य जा, मनापासून गा.

सुरुवात अशी करा. नोव्हेंबरमध्ये भात आणि नागलीची कापणी आटोपत आली की तुमच्यापैकी तिघेच एसटीने जा. बॅनर नको, टी-शर्ट नकोत. ग्रामपंचायतीत आणि शाळेत भेटा, मग अंगणवाडीच्या ताईंजवळ बसून त्यांना काय हवे ते विचारा आणि सांगतील ते लिहून घ्या. आमच्या ताईंनी पहिल्या भेटीत खेळणी मागितली नाहीत, पाट्याही मागितल्या नाहीत. पाड्यावरच्या अकरा मुलांचे जन्मदाखले नव्हते, त्यामुळे पुढची सगळी कागदपत्रे अडली होती, आणि अर्ज भरून तहसीलला चार खेपा घालणारे कोणी नव्हते. आमच्या गटात कचेरीत नोकरी केलेले एक गृहस्थ होते, त्यांना ना गाता येत होते ना मुलांना खेळवता. त्यांनी त्या वर्षाचे आपले सगळे शनिवार आणि रजेचे काही दिवस त्याच कामाला दिले, आणि अकरापैकी नऊ दाखले जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी मिळाले.