मुलांच्या तुटक्या-उरलेल्या रंगांतून आजीसाठी भेट कशी बनवावी? ती स्वस्तातली वाटेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आजीला नाही वाटणार. वाटलीच तर शेजारी बसलेल्या कुणाला तरी वाटेल.

आम्ही सोलापूरच्या पूर्वभागातले, म्हणजे विणकरांच्या वस्तीतले. सासऱ्यांचं आयुष्य चादरी विणायच्या मागावर गेलं. त्यांच्या पंचाहत्तरीला माझ्या मुलीनं सुताच्या रिकाम्या कोनाचं, म्हणजे सूत गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या शंकूचं, पेनस्टँड केलं. शेंडा कापून तोंड मोठं केलं, तळाला वहीचा पुठ्ठा चिकटवला. वाळलेल्या स्केचपेनांच्या आतल्या कांड्या थोड्या पाण्यात रात्रभर ठेवल्या की रंग उतरतो. त्यात पांढरं सूत भिजवलं, वाळवलं आणि फेविकॉल लावत कोनाला गुंडाळलं. वर चादरीच्या दशांसारखे गोंडे. वेढे वाकडे होते, पण मी हात लावला नाही.

जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "जन्मभर कोनच उचलले त्यांनी, आता वाढदिवसालाही कोनच? असला कचरा देतात होय?" पोरीचा चेहरा उतरला. सासरे काही बोलले नाहीत. सुताचं एक सुटं टोक बोटांत धरून त्यांनी पीळ उलगडला, नातीला जवळ घेतलं आणि उभा ताणा कुठला, आडवा बाणा कुठला, मागावर धागा तुटला की गाठ कशी मारायची, ते दाखवत बसले. जेवायला हाका मारल्या तरी उठेनात. जाऊबाईंनी आणलेलं घड्याळ चांगलंच होतं, पण त्यावर ते कुणाशी एवढं बोलले नाहीत.

म्हणून सांगते, आजींनी जे काम केलं त्यातलंच काहीतरी घ्या. त्या शिवत असतील तर चिंध्या घ्या. ग्लिटर, ग्लू गन विकत आणायची असेल तर उरलेलं वापरण्यात अर्थच नाही. आणि मुलं झोपल्यावर त्यांचं काम 'नीट' करत बसू नका.

तुटक्या मेणखडूंचे नवे खडू होतात, ते धाकट्या भावंडांना द्यायला बरे. कागद सोलून तुकडे जुन्या वाटीत घाला, वाटी उकळत्या पाण्यात ठेवा, वितळलं की सिलिकॉनच्या साच्यात ओता. ऑइल पेस्टल मिसळू नका. हो, गरम मेण मोठ्यांनीच ओतायचं, आणि ती वाटी परत स्वयंपाकात नको. स्केचपेनचा रंगही पक्का नसतो, पाणी लागलं की पसरतो.

कुणी कचरा म्हणालंच, तर मुलांसमोर तिथल्या तिथे उत्तर द्या. मी जाऊबाईंना म्हटलं होतं, आपल्या दोघींच्या नवऱ्यांची शिक्षणं याच कोनांवर झाली. त्या अजून रागावलेल्या आहेत. माझं म्हणणं आजही तेच आहे.