रेडिएशननंतरच्या जखमा आणि ऑक्सिजनचे चेंबर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : वडिलांना (वय ६१) चार वर्षांपूर्वी जिभेच्या कर्करोगासाठी रेडिएशन दिले. दोन महिन्यांपूर्वी खालची दाढ काढली, ती जागा अजून भरत नाही, आत हाड दिसते. डॉक्टर म्हणतात, ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये ३० सिटिंग घ्या. खरेच गुण येतो का? – एक वाचक, सांखळी

उत्तर : येतो, पण सगळ्यांना नाही. आणि त्याआधी दोन तपासण्या व्हायला हव्यात.

रेडिएशनने गाठ विरघळते, त्याबरोबर त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्याही हळूहळू बुजतात. हे सहा महिन्यांनी दिसते, कधी दहा वर्षांनीही. खालच्या जबड्याला मुळात रक्त बेताचेच. दाढ काढल्यावर खड्डा भरायला जो प्राणवायू लागतो, तो तिथे पोचतच नाही आणि हाड उघडे राहते.

चेंबरमध्ये हवेच्या दोन ते अडीच पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात. २.४ पट दाब म्हणजे समुद्रात साधारण १४ मीटर खाली गेल्यावर अंगावर येतो तेवढा. गोव्यातल्या ग्रँड आयलंड बेटाकडे डायव्हिंग करणाऱ्याला वर येताना बाधा झाली, तर त्यालाही अशाच चेंबरमध्ये घालतात. एरवी १०० मिलिलिटर रक्ताच्या द्रवात ०.३ मिलिलिटर प्राणवायू विरघळलेला असतो, या दाबाखाली तो ५ मिलिलिटरच्या आसपास जातो. बाहेर आल्यावर थोड्याच वेळात तो उतरतो. रोजच्या या चढउतारामुळे नव्या केशवाहिन्या फुटू लागतात आणि त्या टिकतात, उपचाराचा खरा फायदा हाच. त्याला वेळ लागतो. पाच सिटिंगांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नका, तो विसाव्याच्या आसपास दिसू लागतो. एक सिटिंग ९० मिनिटांचे, आठवड्यातून पाच दिवस. ३० म्हणजे सहा आठवडे, ४० झाली तर आठ.

आता तपासण्या. पहिली, रोग परत आलेला नाही याची खात्री. न भरणारी जखम ही कधीकधी नव्याने उगवलेली गाठच असते, तेव्हा कडेचा तुकडा तपासल्याशिवाय चेंबरची तारीख घेऊ नका. दुसरी, जबड्याचा सीटी स्कॅन. हाड मेलेले असेल, तुकडा सुटला असेल, जबडा तडकला असेल किंवा गालाला भोक पडून पू येत असेल, तर नुसता ऑक्सिजन मेलेले हाड जिवंत करत नाही. तिथे शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय, चेंबर फार तर तिच्या आधी आणि नंतर जोडीला.

रेडिएशननंतर प्राणवायू न पोचल्याने हाड भरत नाही, ही उपपत्ती अमेरिकेतले जबड्याचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ मध्ये मांडली. पुढे ‘दात काढण्याआधी २० आणि नंतर १०’ हा हिशेब जगभर रूढ झाला. मात्र २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नुसती खबरदारी म्हणून सिटिंग दिलेल्यांत ६.४ टक्के आणि न दिलेल्यांत ५.७ टक्के लोकांचे हाड उघडे पडले. म्हणजे फरक नाहीच. तेव्हा चांगल्या जबड्यासाठी सरसकट चेंबर नको. खरी खबरदारी रेडिएशनच्या आधीची : किडलेल्या दाढा दोन-तीन आठवडे आधी काढून जागा भरू देणे. एवढी साधी गोष्ट घाईत राहून जाते आणि पुढे सहा आठवडे चेंबरच्या वाऱ्या होतात.

वडील तंबाखू किंवा सिगारेट घेत असतील तर ती आधी बंद. एकीकडे रक्तवाहिन्या आवळायच्या आणि दुसरीकडे त्या उगवाव्यात म्हणून पैसे मोजायचे, याला अर्थ नाही.

प्रश्न : आईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी रेडिएशन झाले होते. आता लघवीतून रक्त जाते, शौचालाही त्रास आहे. दोन्हीला हेच उपचार चालतील? – वाचक, काणकोण

उत्तर : दोन्हींचे उत्तर वेगळे आहे. मूत्राशयासाठी पुरावा बरा आहे : नॉर्डिक देशांतल्या २०१९ च्या चाचणीत ३० ते ४० सिटिंग घेतलेल्यांच्या तक्रारी न घेतलेल्यांपेक्षा जास्त कमी झाल्या. आतड्यासाठी मात्र ब्रिटनमधल्या २०१६ च्या चाचणीत, ४० सिटिंगांनंतरही, खोटे उपचार (चेंबरमध्ये बसवले, पण खरा डोस दिला नाही) घेतलेल्यांपेक्षा फायदा दिसला नाही. गुदाशयातून रक्त येत असेल तर आधी सुक्राल्फेट या औषधाचा एनिमा किंवा दुर्बिणीतून रक्तवाहिन्या जाळणे हे उपाय बघतात. एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा : आईला तिथे रेडिएशन झाले आहे. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा उगाच काढला, तर ती जागा भरत नाही आणि योनीमार्गाकडे भोक पडू शकते.

रक्ताच्या गाठी येऊन लघवी अडली, तर चेंबरचा विचार बाजूला ठेवून त्याच रात्री गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत न्या. तीन तोंडांचा कॅथेटर (लघवीची नळी) घालून मूत्राशय धुवावे लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही दाखवा.

प्रश्न : एका वेलनेस सेंटरमध्ये फुगणाऱ्या पिशवीसारखे चेंबर आहे, दर बराच कमी. तिथे घेतले तर? – पणजी

उत्तर : नको. कापडी पिशव्यांचा दाब साधारण १.३ पट एवढाच असतो. वर सांगितलेल्या चाचण्या दोन पटींहून अधिक दाबाच्या, कडक भिंतीच्या चेंबरमधल्या आहेत. केंद्राला एवढेच विचारा : दाब किती, ऑक्सिजन शुद्ध का, डॉक्टर हजर असतो का. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर हा खर्च बसतो का, हेही आधीच लेखी घ्या.

प्रश्न : पुढच्या सोमवारी पहिले सिटिंग. काय तयारी करू? भीती वाटते. – फोंडा

उत्तर : सर्वात जास्त तक्रार कानांची. चोर्ला घाट उतरताना कान दडपतात ना, तेच इथे दहा-पंधरा मिनिटांत होते. दाब चढू लागताच, दुखायची वाट न बघता, थुंकी गिळा किंवा नाक चिमटीत धरून हलकेच फुंका. दुखेपर्यंत थांबलात तर कानाची नळी घट्ट मिटते आणि मग ती उघडत नाही. तेव्हा हात वर करा, ऑपरेटर दाब थोडा उतरवून पुन्हा चढवतो. सर्दी असेल त्या दिवशी जाऊ नका. बाहेर येताना श्वास रोखू नका.

आगीचा धोका खरा आहे. डोक्याला खोबरेल नको, अत्तर, पावडर, मलम, व्हॅसलीन, नेलपॉलिश नको. नायलॉनचा गाऊन चालत नाही, केंद्र सुती कपडे देते. मोबाइल, लायटर, श्रवणयंत्र बाहेर. मधुमेह असेल तर आत साखर उतरते, म्हणून जेवून जा. ग्लुकोमीटरवर साधारण १२० च्या खाली असेल तर काहीतरी खायला देऊन मगच आत सोडतात.

फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल तर आत जाणे धोक्याचे, म्हणून छातीचा एक्स-रे करून घ्या. केमोमध्ये ब्लिओमायसिन हे औषध मिळाले होते का, हेही सांगा, त्याने फुप्फुसांना इजा होण्याची भीती असते. फार क्वचित ऑक्सिजनमुळे आकडीचा झटका येतो, म्हणूनच मध्येमध्ये पाच मिनिटे साधी हवा देतात. तेवढ्या वेळात मास्क काढायला सांगतील, बिनधास्त काढा.

वीसेक सिटिंगांनंतर लांबचे धूसर दिसू लागू शकते. घाबरू नका, उपचार संपल्यावर दोन-तीन महिन्यांत नजर बहुधा पूर्ववत होते. तोपर्यंत नव्या नंबरचा चष्मा करून घेऊ नका.