आराखड्याआधीची मोजणी

प्रिय तरुण मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझा पर्यटनस्थळाचा आराखडा दोनदा वाचला. पहिल्यांदा रात्री, कौतुकाने. दुसऱ्यांदा सकाळी, हातात पेन्सिल घेऊन. नकाशे सुबक आहेत, घोषवाक्यही जमलंय. पण पर्यटक पानोपानी भेटतात आणि तिथे राहणारी माणसं येतात ती पार शेवटी, 'रोजगारनिर्मिती' या मथळ्याखाली. आणखी एक गोष्ट खटकली. तुझे सगळे फोटो पहाटेचे आहेत. एकाही फोटोत गर्दी नाही, उभी गाडी नाही, भरून वाहणारी कचरापेटी नाही. ज्या वेळी तिथे काहीच अडचण नसते, त्या वेळेचा हा आराखडा आहे.

तेव्हा आधी एक काम कर. वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस कोणता, ते तिथल्या लोकांना विचार. त्या दिवशी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत प्रवेशाच्या वाटेवर बस आणि दर १५ मिनिटांनी लिही: किती आत गेले, किती बाहेर आले. संध्याकाळी वजाबाकी केलीस की एकाच वेळी आत जास्तीत जास्त किती माणसं होती, ते कळेल. उद्घाटनाच्या भाषणात दिवसभराचा एकूण आकडा सांगतात. तुला उपयोगी पडणार आहे तो एकाच वेळी आत असलेल्या माणसांचा आकडा.

मग क्षमतेचं, म्हणजे त्या जागेला किती माणसं झेपतील याचं, गणित मांड. मिगेल सिफुएन्तेस यांनी १९९२ मध्ये संरक्षित क्षेत्रांसाठी मांडलेली पद्धत अजूनही कामाची आहे, कारण ती कागद-पेन्सिलीवर होते. समज, पर्यटकांना खरोखर उभं राहता येईल अशी जागा १,२०० चौरस मीटर आहे आणि माणशी ४ चौरस मीटर धरलेस. म्हणजे एका वेळी ३०० माणसं. ठिकाण ८ तास खुलं, प्रत्येक जण साधारण २ तास थांबतो, म्हणजे दिवसात ४ फेऱ्या आणि १,२०० माणसं. हा झाला नुसत्या जागेचा हिशेब. आता त्यातून निसरड्या वाटेचे दिवस, कडक उन्हाचे तास, पक्ष्यांच्या विणीचा काळ वजा कर. उरलेल्या आकड्याला पुन्हा कात्री लावते ती व्यवस्थापनाची ताकद: माणसं किती, प्रसाधनगृहं किती, त्यांना पाणी किती. बहुतेक ठिकाणी शेवटचा आकडा पहिल्याच्या अर्ध्याइतकाही उरत नाही, आणि मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, "माणशी ४ कशाला, २ मीटर धरा ना!" तिथे मात्र हटू नकोस.

याच जागी माझी एक चूक सांगतो. कामाला लागून फार वर्षं झाली नव्हती. एका टेकडीवरच्या ठिकाणी गाड्यांची कोंडी व्हायची. तळाला ५० गाड्यांची जागा होती, गाडीत सरासरी ४ माणसं. मी ती जागा तिप्पट करवली आणि कोंडी सुटली म्हणून शाबासकीही मिळवली. दोन पावसाळ्यांनी परत गेलो तर वरची पायवाट ओळखू येईना. कडेची झुडपं तुडवून लोकांनी तिला समांतर अशा तीन वाटा पाडल्या होत्या, मधल्या झाडांची मुळं बोटांसारखी उघडी पडली होती. ५० गाड्यांची ती अपुरी जागाच वर एका वेळी २०० च माणसं जाऊ देत होती. ती त्या टेकडीची झडप होती आणि मी ती काढून टाकली होती. म्हणून सांगतो, तुझ्या ठिकाणी अडचण म्हणून जे दिसतंय ते दूर करण्याआधी ते काय अडवून धरतंय ते बघ.

आकडा काढलास म्हणजे सगळं झालं असंही नाही. १९८५ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेतल्या संशोधकांनी प्रश्नच फिरवला. किती माणसं जास्त होतात, यापेक्षा किती बदल आपल्याला चालेल, ते आधी ठरवा, असं ते म्हणाले. तेच तू आत्ता करायचं आहेस, काम सुरू होण्याआधी. वाटेची रुंदी चार ठरावीक ठिकाणी टेपने मोजून ठेव. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी गोळा झालेला कचरा वजन करून लिही. विहिरीची पातळी, घरभाडी, संध्याकाळच्या बसमध्ये तिथल्याच माणसाला जागा मिळते का, हेही. पाच-सहा गोष्टी पुरेत, पण दर वर्षी त्याच मोज, आणि मर्यादा ओलांडली तर काय करायचं ते आजच लिहून ठेव. नंतर धंद्याचा जम बसलेला असतो. तेव्हा कुणालाच काही बंद करायचं नसतं.

थायलंडमधल्या माया बे या किनाऱ्याचं उदाहरण तुला ठाऊक असेल. रोज हजारो लोक नावांनी थेट किनाऱ्याला लागायचे, नांगरांनी प्रवाळ मोडायचे. अखेर जून २०१८ मध्ये किनारा बंद करावा लागला आणि तो उघडला थेट जानेवारी २०२२ मध्ये. आता नावा मागच्या बाजूला लागतात, संख्येला मर्यादा आहे आणि दर वर्षी काही काळ तो विश्रांतीसाठी बंद असतो. या सगळ्या अटी आधीही घालता आल्या असत्या.

शुल्क लावून गर्दी आवरेल, असं तू एका परिच्छेदात उरकलं आहेस. शुल्काचं काम इतकं सरळ नसतं. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. इतका खर्च करून आलेला माणूस ५ युरोंसाठी परत फिरत नाही. भूतानने सप्टेंबर २०२२ मध्ये पर्यटकांवरचं शुल्क माणशी रोज २०० डॉलर केलं आणि वर्षभरात ते १०० वर आणावं लागलं. शुल्क जरूर घे, पण त्याला दुरुस्तीचा आणि सफाईचा पैसा समज. तो पैसा त्याच ठिकाणी खर्च व्हायला हवा आणि हिशेब प्रवेशद्वाराशी फळ्यावर लागायला हवा. गर्दी आवरायला वेळ ठरवून आरक्षण ठेव.

आता माणसांकडे येतो. भूगोलाचे अभ्यासक रिचर्ड बटलर यांनी १९८० मध्ये पर्यटनस्थळाचं जीवनचक्र मांडलं: शोध, सहभाग, विकास, स्थिरावणं, साचलेपण, आणि मग घसरण किंवा नवी उभारी. तुझं ठिकाण अजून दुसऱ्या पायरीवर आहे. लोक आपल्याच घरातली एखादी खोली देतात, आपणच वाट दाखवतात. याच वेळी त्यांच्याशी बोलायला हवं. पर्यटनाचे अभ्यासक डॉक्सी यांनी १९७५ मध्ये स्थानिकांच्या मनाच्या पायऱ्या सांगितल्या. आधी आनंद, मग बेफिकिरी, मग वैताग, शेवटी उघड वैर. वैतागलेल्या माणसाला बैठकीला बोलावलंस तर तो भांडायला येतो, किंवा येतच नाही.

आणि बैठक म्हणजे पडद्यावर चित्रं दाखवून "काही सूचना?" विचारणं नव्हे. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्येच सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडून, नुसती माहिती देणं आणि नुसतं मत विचारणं या दिखाऊ पायऱ्या ठरवल्या. लोकांना नकाशाची मोठी प्रत आणि लाल पेन दे. 'इथे पर्यटक नकोत' अशा जागा त्यांना रंगवू दे. पाणवठा, स्मशान, मुलांच्या खेळाची जागा... तुला न सुचलेलं बरंच काही लाल होईल. हा नकाशा आराखड्याच्या पहिल्या पानावर लाव. बायकांची बैठक वेगळी घे. पाणी आणि कचरा यांबद्दल नेमकं काय घडतं, ते तिथेच कळतं.

पैशाचं एकच सांगतो. पर्यटकाने खर्च केलेल्या प्रत्येक शंभरातले किती तिथे राहतात, ते शोध. गाडी बाहेरची, मालक बाहेरचा, सामान बाहेरून, नोंदणी करणाऱ्या ॲपचं कमिशन बाहेर. याला आमच्याकडे गळती म्हणतात. चार तास येऊन कचरा टाकून जाणाऱ्या पाचशेंपेक्षा दोन रात्री राहणारे पन्नास जण परवडतात, फक्त ते कुणाच्या छपराखाली राहतात ते बघ.

तुझी प्रेक्षकगॅलरी, काचेचा पूल आणि प्रकाशयोजना मी वाचली. त्यावर काही लिहीत नाही. फक्त अंदाजपत्रकात बांधकामाशेजारी आणखी एक रकाना पाड: पुढची दहा वर्षं देखभाल, आणि ती करणाऱ्याचं पद. तो रकाना भरता आला नाही, तर ती ओळ खोड. कोरं करकरीत प्रसाधनगृह किल्ली सापडत नाही म्हणून बंद असलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की आताशा नव्या ठिकाणी गेलो की आधी तेच दार ढकलून बघतो.

पुढची मोठी सुट्टी जवळ आली आहे. मोजायला एकटा बसू नकोस, तिथल्याच दोन मुलांना सोबत घे आणि त्यांना त्या दिवसाची मजुरी दे. आलेले कागद मला जसे असतील तसेच पाठव, सुबक करत बसू नकोस. आणि पेन्सिल ने, पावसाची सर आली तर शाई पसरते.

तुझा,
जुना सहकारी