मिथेनॉलचा संशय: नागपूरला पाठवण्यापूर्वी काय करावे

आदल्या रात्री एकत्र दारू प्यायलेले तिघे उलट्या, पोटदुखी आणि अंधुक दिसण्याची तक्रार घेऊन आपल्या ग्रामीण रुग्णालयात आले असता, मिथेनॉलची (बनावट दारूत आढळणाऱ्या विषारी अल्कोहोलची) पातळी मोजण्याची सोय नसताना काय करावे, असे आपण विचारले आहे. अहवालाची वाट न पाहता संशयावरच उपचार सुरू करावेत, असे माझे ठाम मत आहे.

मिथेनॉलपेक्षा यकृतात त्यापासून तयार होणारे फॉर्मिक आम्ल अधिक घातक असते आणि तेच दृष्टिचेतेला (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला) इजा करते. या रूपांतरास वेळ लागत असल्याने लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी, आणि सोबत साधी दारूही पोटात गेली असल्यास त्याहून उशिरा दिसतात. त्यामुळे ‘डोयापुढं धुकं आलं’ असे सांगणारा रुग्ण रात्री ठणठणीत होता, या माहितीने निश्चिंत होऊ नये. रक्तवायू तपासणीत आम्लता आणि वाढलेला ॲनायन गॅप (रक्तातील मोजलेल्या धन व ऋण क्षारांमधील तफावत; जादा आम्ल साचल्यास ती वाढते) मिळाला, तर निर्णयाला तेवढे पुरते. ऑस्मोलर गॅप (रक्तात विरघळलेल्या पदार्थांच्या मोजलेल्या व गणिताने काढलेल्या प्रमाणातील फरक) मिथेनॉलमुळे सुरुवातीला वाढतो, पण आम्ल तयार होत जाते तसा तो घटतो. म्हणून उशिरा आलेल्या रुग्णात तो सामान्य आढळला तरी मिथेनॉल नाकारता येत नाही. माझ्या मते निदान चुकण्याचे सर्वाधिक भय येथेच असते.

फोमेपिझोल (मिथेनॉलचे आम्लात रूपांतर रोखणारे औषध) असल्यास प्रतिकिलो १५ मिलिग्रॅमचा पहिला डोस द्यावा. आपल्याकडे ते सहसा मिळत नाही, तेव्हा हेच काम करणारे इथेनॉल (साध्या दारूतील अल्कोहोल) द्यावे: ४० टक्क्यांचे सीलबंद मद्य प्रतिकिलो सुमारे २ मिलिलिटर, पाणी किंवा रस घालून निम्मे पातळ करून, नाकातील नळीने. रुग्णाची शुद्ध हरपत असेल तर आधी श्वासमार्ग सुरक्षित करावा. वॉर्डातील स्पिरिट मात्र कदापि वापरू नये, त्यातच मिथेनॉल असू शकते. पहिल्या मात्रेनंतर दर तासाला देखभालीची मात्रा चालू ठेवावी आणि रक्तशर्करा वारंवार पाहावी. आम्लता कमी करण्यासाठी सोडियम बायकार्बोनेट आणि फॉर्मिक आम्लाचा निचरा होण्यास मदत करणारे फोलिनिक ॲसिडही द्यावे. पण रक्ताचा पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुधारला म्हणजे विष गेले, असे मानू नये.

दृष्टी बिघडलेली असेल, झटके किंवा बेशुद्धी असेल, पीएच ७.१५ किंवा त्याखाली असेल, अथवा ॲनायन गॅप २४ च्या वर असेल, तर हिमोडायलिसिस (यंत्राने रक्त शुद्ध करणे) हवेच. म्हणून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांना आधी दूरध्वनी करून डायलिसिसची तयारी विचारून घ्यावी आणि वाटेतही इथेनॉल थांबवू नये. डायलिसिस सुरू झाल्यावर इथेनॉलही शरीराबाहेर जाते, त्यामुळे तेथे त्याची मात्रा साधारण दुप्पट करावी लागते, हे रेफर चिठ्ठीत दिलेल्या मात्रेसह व वेळेसह लिहावे.

पोलिसांना सूचना देऊन वैद्यकीय-न्यायिक नोंद करावी आणि त्याच बैठकीत प्यायलेल्या, अद्याप काहीही त्रास न होणाऱ्या सोबत्यांनाही त्याच दिवशी बोलावून तपासावे.