आधी साधी सायकल, मग हळूहळू सुधारणा: हा हिशोब माझा कुठे चुकला

कच्च्या वाटांसाठी माउंटन सायकल घ्यायची आहे, एकाच कंपनीचं साधं मॉडेल घेऊ की दीडपट किमतीचं, असं तुम्ही विचारलंय. त्यातलं ‘आत्ता साधं मॉडेल घेते, वर्षभरात फोर्क (पुढचं चाक धरणारा, दणके झेलणारा भाग) आणि गिअर बदलून त्याचंच महागडं मॉडेल करते’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. सात वर्षांपूर्वी मी जवळजवळ याच शब्दांत हेच म्हणाले होते. तेव्हाही एकाच कंपनीची दोन मॉडेलं होती, महागड्याची किंमत दीडपट होती आणि चालवायची होती ती सुट्टीच्या दिवशी कच्च्या वाटांवरच. तुमचं वजन ५५ किलो, माझं तेव्हा ५४ होतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधीच सांगते, मी मेकॅनिक नाही आणि माझं कुठलं दुकानही नाही. हा एका माणसाचा अनुभव आहे, तेवढ्यापुरताच घ्या. साइज, उंची, टेस्ट राइड हे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही.

माझं मत विचाराल तर महागडं घ्या. पण दुकानदार ज्या कारणासाठी घ्या म्हणतोय त्यासाठी नको. तो १२ गिअर दाखवतोय. गिअर ही नंतर बदलता येणारी गोष्ट आहे. दीडपट पैसे द्यायचेच असतील तर ते फ्रेमच्या मापांसाठी आणि फोर्कसाठी द्या, कारण फ्रेमची मापं पुन्हा बदलता येत नाहीत. मला हे फार उशिरा कळलं.

माझ्या साध्या मॉडेलची हेड ट्यूब, म्हणजे फोर्क जिच्यात बसतो ती फ्रेमची पुढची नळी, सरळ होती, आतून ४४ मिमी. मागच्या चाकाला १३५ मिमीचा क्विक रिलीज, म्हणजे खटक्याने सुटणारी बारीक ॲक्सलची (चाकाच्या मधल्या दांडीची) जोडणी. आणि मागच्या गिअरच्या चकत्या म्हणजे हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) सरकवून बसवायची कॅसेट नाही, तर हबवर आट्यांनी बसवलेलं फ्रीव्हील. त्या वेळी यातल्या एकाही शब्दाचा अर्थ मी विचारला नव्हता. पहिल्याच वर्षात मागचा ॲक्सल दोनदा वाकला. माझ्यासारख्या हलक्या माणसाकडून वाकतोच कसा, म्हणून मेकॅनिकनी हब उघडून दाखवला. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं आणि त्याच्या बाहेरचा ॲक्सलचा तुकडा आधाराशिवाय राहतो. कॅसेटच्या हबमध्ये ते बेअरिंग पार कडेला असतं. उड्या मारायची गरज नाही, दगडांवरून नेहमी उतरलं तरी पुरतं. मागचं चाक बदललं. खर्च क्रमांक एक.

मग फोर्क. माझा कॉइलचा, म्हणजे आत धातूची स्प्रिंग असलेला होता; प्रवास, म्हणजे तो जास्तीत जास्त जेवढा दबतो ते अंतर, १०० मिमी. तुमच्या साध्या मॉडेललाही तसाच आहे, म्हणून हे नीट वाचा. कॉइलची स्प्रिंग मधल्या वजनाच्या माणसासाठी बसवलेली असते. वरची प्रीलोडची चकती फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही, फक्त ती आधीपासून किती दाबलेली आहे एवढंच बदलतं. मी फोर्कच्या आतल्या चकचकीत नळीवर एक बारीक केबल टाय हलकी बांधून रोजच्या उतारावरून आले. खाली थांबून मोजलं तर टाय जेमतेम ४५ मिमी सरकली होती. म्हणजे १०० मिमीपैकी निम्म्याहून जास्त फोर्क मी वर्षभर नुसता वागवत होते आणि मनगटं दुखतात म्हणून ग्लोव्ह्ज बदलत होते. एअर फोर्कमध्ये पंपाने हवा कमी-जास्त करून तो आपल्या वजनाला जुळवता येतो. नुसतं बसल्यावर प्रवासाच्या १५ ते २० टक्के दबला की हार्डटेलसाठी (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलसाठी) सुरुवात ठीक झाली म्हणायचं. पन्नास-पंचावन्न किलो वजनाच्या माणसाला एअर फोर्क ही चैन नाही, असं मी ठामपणे म्हणते. ७५ किलोच्या माणसाने हाच प्रश्न विचारला असता तर एवढ्या ठामपणे नसते बोलले.

मोठी चूक मात्र यानंतरची.

चांगले एअर फोर्क शोधायला गेले तर बहुतेक सगळे टेपर्ड, म्हणजे हेड ट्यूबमध्ये जाणारी फोर्कची नळी (स्टिअरर) वर १ १/८ इंच आणि खाली १.५ इंच. ४४ मिमीच्या सरळ हेड ट्यूबमध्ये तो बसतो, पण खालचं बेअरिंग ट्यूबच्या बाहेर एका कपात बसवावं लागतं आणि तो कपच साधारण १२ मिमी उंची वाढवतो. नवा फोर्क १५×११० चा (१५ मिमी जाड ॲक्सल, ११० मिमी रुंद हब), माझं पुढचं चाक १०० मिमी क्विक रिलीजचं, म्हणजे पुढचं चाकही नवं. आणि एवढा खर्च होतोच आहे तर १०० ऐवजी १३० मिमीचा घेऊ, असं मी ठरवलं. सगळं मिळून पुढची बाजू ४० मिमीहून जास्त वर गेली. ढोबळ हिशोबाने दर २० मिमीला हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी असलेला कोन, एक अंश सैलावतो (कमी होतो). उतारावर सायकल इतकी छान चालायला लागली की मी खूश होते. लांब फोर्क हा लांब तरफेसारखा असतो आणि प्रत्येक दणका हेड ट्यूबच्या जोडावर जास्त जोराने जातो, हा विचार डोक्यात आलाच नाही.

अकरा महिन्यांनी सायकल धुताना डाउन ट्यूबच्या (हेड ट्यूबपासून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) खालच्या बाजूला, वेल्डपासून बोटभर मागे, केसाएवढी रेघ दिसली. ओरखडा समजून फडक्याने पुसली. थोड्या वेळाने बघते तर त्या रेघेतून पाण्याचा एक थेंब बाहेर येत होता. नख फिरवलं तर अडकलं. त्याआधी दोन आठवडे कुरकुर आवाज येत होता आणि मी पेडलना ग्रीस लावत बसले होते. तुमच्याही सायकलचा आवाज पेडलमधून वाटला तरी वेल्ड एकदा पुसून बघा. आणि रेघ दिसली तर ‘एवढी एक राइड करू’ असं अजिबात नको. ती ट्यूब उतारावर तुटली तर पुढचं चाक तुमच्या हातात राहत नाही.

फ्रेमला वॉरंटी होती. आता कंपनीच्या वॉरंटी बघणाऱ्या कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, पण आजही आठवलं की चीड येते. आधी म्हणाले फोटो पाठवा. पाठवले. मग म्हणाले सिरियल नंबर नीट दिसत नाही. बॉटम ब्रॅकेटखालचा (पेडलच्या दांड्या फ्रेमला जोडतात तिथला) नंबर घासून, टॉर्च मारून पुन्हा पाठवला. मग बिलावर दुकानाचा शिक्का हवा. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. सात आठवड्यांनी उत्तर आलं: फ्रेम १०० मिमीपर्यंतच्या फोर्कसाठीच मान्य आहे, सबब दावा नामंजूर. हा १०० चा आकडा मॉडेलच्या माहितीत नव्हता आणि सोबतच्या पुस्तिकेतही नव्हता. सगळ्यात जास्त लागलं ते हे की फोर्क घेण्याआधी मी याच कार्यालयाला मेल करून विचारलं होतं की १३० चालेल का. उत्तर आलं होतं, ‘आपल्या मेकॅनिकचा सल्ला घ्यावा.’ तो मेल दाखवला तर म्हणाले, आम्ही चालेल असं कुठे म्हटलंय?

बरोबर आहे, म्हटलं नव्हतं. पण चालणार नाही असंही सांगितलं नाही, आणि आकडा तर त्यांच्याकडे होता. माझी चूक एवढीच की गुळमुळीत उत्तर आल्यावर थांबायला हवं होतं आणि मी थांबले नाही. फ्रेम गेली. दोन चाकं, फोर्क, कप, मजुरी सगळं जोडलं तर महागड्या मॉडेलपेक्षा जास्त पैसे गेले होते आणि हातात सायकल नव्हती. पुढे नवी फ्रेम घेतली, तिला मागे १२×१४८ (१२ मिमीचा ॲक्सल, १४८ मिमी रुंद हब) होतं, त्यामुळे मागचं चाकही वाया गेलं.

तर तुमच्या दोन मॉडेलांबद्दल. तुम्ही लिहिलंय की महागड्याला टेपर्ड हेड ट्यूब आणि मागे थ्रू ॲक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड ॲक्सल) आहे. तेवढ्यासाठीही मी पैसे देईन, कारण पुढे सुटे भाग मिळण्याचा रस्ता उघडा राहतो. मात्र ‘एकाच मालिकेतली म्हणजे फ्रेम एकच’ हे दुकानदाराचं म्हणणं मान्य करू नका. ते खरंही असतं आणि खोटंही असतं. दोन्ही सायकली शेजारी उभ्या करून हेड ट्यूबचं खालचं टोक आणि मागचे ड्रॉपआउट (चाकाचा ॲक्सल फ्रेममध्ये बसतो त्या खाचा) बघा. फ्रेम खरोखर एक असेल आणि फोर्कही तोच असेल, फरक फक्त गिअरचा असेल, तर माझं मत उलटं: साधं घ्या. नुसत्या मागच्या डिरेल्यूरवरचं (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावरचं) नाव बघून भुलू नका. डिरेल्यूर वरच्या श्रेणीचा आणि शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), चेन, कॅसेट दोन पायऱ्या खालचे, असं बऱ्याचदा असतं. अंगठ्याला रोज जाणवतो तो शिफ्टर.

गिअर नंतर बदलायचे असतील तर फ्रीहब, म्हणजे मागच्या हबचा कॅसेट बसते तो भाग, कोणत्या प्रकारचा ते आत्ताच विचारा. शिमानोची २०२० पासूनची १२ गिअरची डिओर कॅसेट, १०-५१ (लहान चकतीला १० दाते, मोठीला ५१), मायक्रो स्प्लाइन नावाच्या फ्रीहबवरच बसते, जुन्या एचजी प्रकारच्या फ्रीहबवर नाही. स्रॅमची ११-५० ची एनएक्स कॅसेट एचजीवर बसते. एवढ्या एका गोष्टीवरून लोकांना नवं चाक घ्यावं लागलेलं मी पाहिलंय.

ब्रेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) असले की बास. ब्रेकच्या डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं कोरलेलं असेल तर मेटल पॅड लावता येत नाहीत, पण डिस्क बदलणं हा किरकोळ खर्च आहे. सीट, हँडलबार, पेडल यांच्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. आणि कुठलंही मॉडेल घेतलंत तरी टायरसाठी थोडे पैसे बाजूला ठेवा. चांगला टायर आणि योग्य हवा यांनी जेवढा फरक पडतो तेवढा दोन श्रेणी वरच्या डिरेल्यूरने पडत नाही, हे माझं पक्कं मत आहे. इतरांना पटेलच असं नाही.

महागडं बजेटमध्ये बसतच नसेल तर त्याच फ्रेमची नीट वापरलेली जुनी सायकल बघा, वेल्ड तपासून. आणि वापर मुख्यतः डांबरी रस्त्याचा, कच्ची वाट महिन्यातून एखाददा असेल, तर वरचं सगळं सोडा. साधं मॉडेल घ्या, त्यात काही बदलायला जाऊ नका, ते वर्षानुवर्षं चालेल.

पैसे देण्याआधी मात्र कंपनीला लेखी विचारा: या फ्रेमला जास्तीत जास्त किती मिमीचा फोर्क मान्य आहे? उत्तरात आकडा नसेल तर पुन्हा विचारा. हेड ट्यूब, मागचा ॲक्सल आणि फ्रीहब यांची दोन्ही मॉडेलांची मापं मिळाली की मला कळवा. माझ्या खर्चाची वही अजून आहे, कुठला भाग पुढे अडेल ते त्यावरून बघून सांगते.